धरलेल्या बेडकांचे रोग : ओळख व हाताळणी

मृगाचा पहिला पाऊस पडून भिवापूर तालुक्यातील बोड्या भरू लागल्या म्हणजे बेडूक जमिनीतून बाहेर पडतात, आणि त्याच सुमारास ते मुलांच्या हाती लागतात. कोणी बरणीत घालून घरी आणतो, कोणी शाळेच्या विज्ञान-कोपऱ्यात ठेवतो, तर कोणी विहिरीतून काढलेला जखमी बेडूक बादलीत झाकून ठेवतो. अवर्षणाच्या वर्षी धोंडीच्या फेरीसाठी तो मुसळाला बांधला जातो, ते वेगळेच. असा धरलेला बेडूक पुष्कळदा चार-आठ दिवसांत खाणे सोडतो, त्याच्या मांड्यांवर लाल चट्टे उमटतात, किंवा एके सकाळी तो उताणा पडलेला आढळतो. मग घरची मंडळी त्याला 'मोकळा' करतात, म्हणजे जवळच्या बोडीत नेऊन सोडतात. हे सोडणे दयाबुद्धीने होते यात संशय नाही. परंतु आजारी बेडूक बोडीत सोडणे हे त्या एका बेडकाच्या मरणापेक्षा पुष्कळ महाग पडू शकते, म्हणून ह्या विषयाची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस असणे जरूर आहे.

भिवापूरचे नाव मिरचीसाठी सर्वत्र झाले असले तरी हा तालुका नागपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्याकडील अंगाला आहे. येथे मिरची, कापूस व सोयाबीन यांच्या जोडीला धानाच्या बांध्याही आहेत, आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची हद्दही ह्या तालुक्यास लागून आहे. बांधीत साचलेले पाणी हे बेडकाचे माहेर होय. अंडी तेथेच, भैकेर म्हणजे शेपटीचे पोर तेथेच, आणि पाय फुटल्यावर कीड टिपण्याचे कामही तेथेच. टोळ, नाकतोडे, अळ्या, पतंग, भुंगेरे असे जे जे हलते व तोंडात मावते ते बेडूक गिळतो. मोठा पिवळा बेडूक, ज्यास प्राणिशास्त्रात होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात, तो लहानसहान उंदीरही सोडीत नाही.

ह्या सेवकाची किंमत आपणास एकदा उशिरा कळली आहे. त्याच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार आपल्या देशात चालत असे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुल अली यांच्यासारख्या जाणकारांनी त्याविरुद्ध लिहिले, आणि १९८७ साली ही निर्यात बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूचींतही बेडकांच्या जाती आलेल्या आहेत. तेव्हा हौसेखातर बेडूक धरून पाळू नये, हाच पहिला सल्ला. शाळेस दाखवावयाचा असेल तर मुलांनाच बोडीच्या काठी न्यावे. बेडूक तेथे अधिक चांगला दिसतो. तथापि सल्ला दिल्याने मुले बेडूक धरावयाची थांबत नाहीत, हे सर्वांस ठाऊक आहे. जो बेडूक घरात येऊन पडलाच आहे, त्याचे काय करावे, हे आता पाहू.

कातडी हेच त्याचे नाक व तोंड

बेडकाचे रोग समजण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही. ते कातडीतून, विशेषतः पोटाखालच्या व मांड्यांमधल्या पातळ कातडीतून, आत घेतो. फुप्फुसे असली तरी श्वासोच्छ्वासाचा बराच भाग कातडीतूनच होतो, आणि रक्तातील क्षारांचे प्रमाणही कातडीच सांभाळते. गाईच्या कातडीवर खरूज झाली तर गाय रोडावते, पण चालते-फिरते. बेडकाची कातडी बिघडली की त्याचे पाणी, श्वास व क्षार ही तिन्ही एकदम बिघडतात. त्यामुळे ज्या पाण्यात तो बसतो ते पाणी, ज्या हाताने आपण त्यास धरतो तो हात, आणि त्या हातास लागलेले तेल, साबण, तंबाखू किंवा फवारणीचे औषध हे सर्व त्याच्या अंगात जाते. धरलेल्या बेडकांचे निम्मे रोग हे मुळात रोग नसून घाण पाणी व कोरडे हात यांचे परिणाम होत, असे म्हणावयास हरकत नाही.

जे रोग नव्हेत ते आधी ओळखावे

पुष्कळदा धडधाकट बेडकास आजारी समजले जाते. पहिल्या पावसात मोठ्या बेडकाचा नर हळदीसारखा पिवळा होतो व त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. ही कावीळ नव्हे. तो विणीचा रंग आहे व काही दिवसांत उतरतो. ह्याच काळात नराच्या पुढच्या पायाच्या अंगठ्याशी काळसर जाड गादी येते, तीही गाठ नव्हे. भेकाच्या, म्हणजे घराच्या ओट्याशी रात्री दिव्याखाली किडे टिपावयास येणाऱ्या खरखरीत प्राण्याच्या पाठीवरील फोड हे जन्माचेच असतात. ते हाताळल्याने माणसास चामखिळी येतात ही समजूत निराधार आहे. चामखीळ एका विषाणूमुळे होते, व तो विषाणू माणसाचा आहे, भेकाचा नव्हे.

बेडूक अधूनमधून कात टाकतो. त्या वेळी तो अंग वाकवितो, तोंड उघडमीट करतो व निघालेली कात स्वतःच खाऊन टाकतो. हा प्रकार पाहून त्यास झटके येत आहेत असे वाटते. वस्तुतः काही मिनिटांतच तो पूर्ववत् होतो. थंडीत व उन्हाळ्यात त्याची भूक मंदावते, कारण रानात तो ह्या दिवसांत मातीत दडून असतो. भेकाच्या पोटाखालची, मांड्यांमधली कातडी थोडी गुलाबी दिसते, कारण पाणी शोषण्यासाठी तेथे रक्तवाहिन्या दाट असतात. ह्या गुलाबीपणाची व पुढे सांगितलेल्या लाल चट्ट्यांची गल्लत होऊ नये. विणीस आलेली मादीही पोटाने फुगलेली दिसते. पण तिचे पोट दोन्ही अंगांनी भरीव लागते, पाणी भरलेल्या पिशवीसारखे लिबलिबीत लागत नाही.

आजाराच्या खुणा

निरोगी बेडूक चारी पाय अंगाखाली घेऊन, डोके वर उचलून बसतो. त्याचे डोळे स्वच्छ व उठावदार असतात, गळ्याची हालचाल एकसारखी चालते, आणि सावली पडताच तो उडी घेतो. आजारी बेडूक पोट जमिनीस टेकवून, मागचे पाय सैल पसरून बसतो. दिवसा उघड्यावर येतो. हात लावला तरी हलत नाही. शंका असल्यास एक सोपी परीक्षा आहे. ओल्या हाताने त्यास अलगद उताणे करावे. निरोगी बेडूक क्षणात पालथा होतो. जो उताणाच राहतो, किंवा दोन-तीनदा धडपडून मग वळतो, त्याची स्थिती गंभीर समजावी. ही परीक्षा एकदाच करावी. मुलांनी खेळ म्हणून ती पुनःपुन्हा करू नये.

मांड्या, पोट व पायांच्या पडद्यांवर लाल चट्टे किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर 'लाल पाया'चा संशय घ्यावा. हा रक्तात विष पसरल्याचा प्रकार असून एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू त्यात वारंवार सापडतो. हा जंतू साध्या पाण्यात नेहमीच असतो, पण गर्दी, घाण व उपासमार यांनी बेडूक खचला की तो अंगात शिरतो. एका बादलीत दहा-वीस बेडूक कोंडले म्हणजे ह्याच रोगाने ते पटापट मरतात. नाकाच्या शेंड्यावरील जखम ही बरणीच्या काचेवर धडका मारल्याने होते व तीच पुढे जंतूंची वाट बनते. म्हणून बरणीच्या बाहेरून खालच्या अर्ध्या भागास कागद चिकटवावा. बेडकास ती भिंत वाटते व तो धडका देणे थांबवितो. हा उपाय फुकटाचा असून त्याचा गुण हमखास येतो.

जखमेवर किंवा भैकेराच्या अंगावर कापसासारखी पांढरी लव दिसल्यास ती पाणबुरशी होय. सर्व अंग पाण्याने फुगून कातडी ताणल्यासारखी दिसणे ही मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय बिघडल्याची खूण असते. जबडा मऊ पडणे, पाय वाकडे होणे, उडी मारताना थरथरणे ही चुन्याच्या अंशाची उणीव होय. पिठातले किडे किंवा त्यांच्या अळ्या एवढेच अन्न महिनोन्महिने दिल्याने असे घडते. बेडकास भात, पोळी किंवा दूध कदापि देऊ नये. ते त्याचे अन्नच नव्हे. फवारणी न झालेल्या जागचे जिवंत नाकतोडे, झुरळे, गांडुळे असे पालटून पालटून द्यावे, व तळाशी बारीक खडी ठेवू नये. किडा पकडताना खडी गिळली जाते व आतडे बंद होते.

एक बुरशी, जी डोळ्यांस दिसत नाही

आता ज्या रोगामुळे हा लेख लिहिणे अगत्याचे वाटले त्याकडे वळू. १९९८ साली ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक सूक्ष्म बुरशी आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. तिला कायट्रिड बुरशी म्हणतात. ती कातडीच्या बाहेरच्या थरात वाढते, कातडी जाड करते व क्षारांचे नियंत्रण मोडते. शेवटी बेडकाचे हृदय बंद पडते. तिची बीजे शेपटीने पोहतात व पाण्यातून एका बेडकाकडून दुसऱ्याकडे जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात ह्या रोगामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्या व त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा निष्कर्ष काढलेला आहे. तिचे मूळ पूर्व आशियात असून माणसाने चालविलेल्या उभयचरांच्या व्यापारातून ती जगभर पोहोचली, असे २०१८ च्या संशोधनात दाखविले गेले. बेडूक स्वतः समुद्र ओलांडीत नाहीत. त्यांना पेट्यांत भरून नेणारा माणूसच होता.

आपल्या देशात ही बुरशी पश्चिम घाटातील बेडकांवर सापडली असून उत्तर सह्याद्रीतील बेडकांविषयीचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. तेथे बुरशी अंगावर असलेले बेडूक वरून धडधाकट दिसत होते. ही गोष्ट दिलासा देणारी वाटते खरी. पण आपल्या कामाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, निरोगी दिसणारा बेडूकही रोग वाहू शकतो. भिवापूरचा वैशाखातील उन्हाळा ह्या बुरशीस मानवणारा नाही, कारण १७ ते २५ अंश सेल्सिअसला ती उत्तम वाढते व ३० अंशांच्या आसपास तिची वाढ खुंटते. परंतु आश्विनापासून माघापर्यंतचे बोडीचे पाणी तिला पुष्कळ सोयीचे असते, आणि घरातल्या सावलीतील बरणीही.

खाणे सोडणे, उताणे पडल्यावर न वळणे, कातीचे तुकडे वरचेवर अंगावरून सुटून पाण्यात तरंगणे ही ह्या रोगाची लक्षणे होत. मात्र नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

बेडूक आजारी दिसल्यास

प्रथम त्यास इतरांपासून वेगळे करावे. झाकणास भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा पुरे. तळाशी पाण्याने भिजविलेले व पिळलेले स्वच्छ सुती फडके घालावे, एका कोपऱ्यात अर्धा इंच पाणी असलेली बशी ठेवावी, आणि डबा अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा. फडके व पाणी रोज बदलावे. खोल पाण्यात आजारी बेडूक बुडून मरतो, हे पुष्कळांस खरे वाटत नाही, पण तसे घडते.

पाणी कोणते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गावच्या विहिरीत वा टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असल्यास त्यातील क्लोरीन कातडीस झोंबते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. झाकून साठविलेले पावसाचे पाणी त्याहून बरे; मात्र फवारणी झालेल्या शेतालगतच्या खड्ड्यातील पाणी नको.

बेडकास हात लावण्यापूर्वी साबण पूर्ण निघेपर्यंत हात धुवावेत व ते ओलेच ठेवावेत. स्वच्छ प्लास्टिकची पिशवी पाण्याने विसळून हातात घातली तर अधिक चांगले. एका बेडकास हात लावल्यावर तोच हात दुसऱ्यास लावू नये. आजाऱ्याची देखभाल सर्वांच्या शेवटी करावी.

घरगुती औषधे मात्र मुळीच करू नयेत. जखमेवर हळद, चुना, मीठ, फिनेल, डेटॉल किंवा जनावरांच्या जखमेचा फवारा लावण्याची आपल्याकडील सवय येथे घातक ठरते, कारण लावलेले सर्व कातडीतून थेट रक्तात जाते. माणसांची वा कोंबड्यांची प्रतिजैवके अंदाजाने पाण्यात घालणे हाही तसाच अविचार होय. पशुवैद्य कायट्रिडवर इट्राकोनॅझोल ह्या औषधाचे अत्यंत सौम्य स्नान देतात, पण तेच औषध भैकेरांस सोसत नाही. यावरून प्रमाणाचा प्रश्न किती नाजूक आहे हे दिसून येईल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बेडूक नेण्यास संकोच बाळगू नये. तेथून पुढे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे विचारणा करता येते.

फवारणीचा बाधा झालेला बेडूक वेगळा ओळखावा. मिरचीवर किंवा कापसावर फवारणी झाल्यानंतर, किंवा त्यापाठोपाठ पाऊस पडल्यानंतर, एकाच धुऱ्यालगत अनेक बेडूक एकदम थरथरताना, पाय ताठ करून पडलेले दिसतात. ही विषबाधा होय. ती एकापासून दुसऱ्यास लागत नाही. असा बेडूक स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा हळूच धुऊन ओल्या फडक्यावर ठेवावा. उचलताना आपला हात मात्र पिशवीत असावा, कारण त्याच्या अंगावरील औषध आपणासही बाधते. त्या बांधीतले पाणी जनावरांस पाजू नये.

सोडावा की न सोडावा

हा निर्णय कठीण आहे. जो बेडूक एक-दोन दिवसच ठेवला होता, एकटा होता, ज्याचा दुसऱ्या गावच्या बेडकांशी किंवा बाजारातून आणलेल्या शोभेच्या माशांशी, त्यांच्या पाण्याशी वा जाळीशी संबंध आला नाही, आणि जो खाणेपिणे व उड्या नीट करीत आहे, तो ज्या जागेवरून आणला त्याच जागी संध्याकाळी सोडावा. 'जवळच्या बोडीत' नव्हे, त्याच बोडीत. उमरेडच्या आठवडी बाजाराला गेलेल्या मुलाने तिकडचा बेडूक आणून भिवापुरात सोडणे हे सर्वथा टाळावे. अभयारण्यात नेऊन सोडणे म्हणजे पुण्य, अशी जी समजूत अलीकडे दिसते, तीही चुकीची आहे. तेथील बेडकांस आपल्या बरणीतला रोग देण्याचे काहीच कारण नाही.

जो आजारी आहे, किंवा आजाऱ्यासोबत राहिला आहे, तो सोडू नये. त्याच्याविषयी वनखात्याच्या कर्मचाऱ्यास व पशुवैद्यास कळवावे. तो बरा झाला नाही तर डब्यातच मरेल, हे ऐकावयास कठोर वाटते. पण एका बोडीत उन्हाळ्यानंतर शेकडो बेडूक एकत्र येतात, व पावसाळी ओहोळांनी एक बोडी दुसरीस व दुसरी मालगुजारी तलावास जोडलेली असते. तेथे पोहोचलेला रोग परत आणता येत नाही.

ह्याच न्यायाने बरणीतले पाणीही बोडीत, नालीत किंवा बांधीत ओतू नये. ते घरापासून व पाणवठ्यापासून दूर, कोरड्या उन्हाच्या जमिनीवर ओतावे. बरणी, डबे, जाळी ही घासून, घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात पंधरा मिनिटे ठेवावी, नंतर भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी. कायट्रिडची बीजे वाळल्यावर जगत नाहीत. विदर्भाचे ऊन ह्या कामी ब्लीचहून कमी नाही.

धोंडीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या गावाची ती जुनी रीत आहे व तिची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि भर उन्हात मुसळाला करकचून बांधलेला बेडूक घरोघर ओतलेल्या पाण्यानेही वाचत नाही; वाचलाच तर फेरी संपताना जखमी स्थितीत कोणत्या तरी विहिरीत टाकला जातो. काही ठिकाणी मातीचा बेडूक करून फेरी काढतात. कुंभाराकडून असा बेडूक करवून घेण्यास गावकऱ्यांची हरकत क्वचितच असते; विषय मात्र चैत्रातच काढावा, मुले बेडूक शोधावयास निघाल्यावर नव्हे.

मेलेला बेडूक व घरातील माणसे

मेलेला बेडूक पाण्यात, उकिरड्यावर किंवा कोंबड्यांपुढे टाकू नये. पाणवठ्यापासून दूर, दोन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. एखाद्या बोडीवर एकाच वेळी अनेक बेडूक किंवा भैकेर मेलेले आढळले तर मात्र सर्व पुरून टाकण्याची घाई नको. तारीख, जागा, अंदाजे संख्या, आठवड्यात कोणती फवारणी झाली, मासेही मेले आहेत काय, हे लिहून घ्यावे व मोबाइलवर छायाचित्रे काढावी. नुकतेच मेलेले दोन-तीन बेडूक दुहेरी पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे पोहोचवावे. बेडकाचे शरीर उष्म्यात काही तासांतच कुजते व मग तपासणीतून काही निष्पन्न होत नाही.

बेडकाच्या अंगावर व त्याच्या पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यांनी माणसास जुलाब व ताप येतो. म्हणून बरणी स्वयंपाकघरात, किंवा भांडी घासण्याच्या मोरीत धुऊ नये, हात साबणाने धुतल्यावाचून मुलांस जेवू देऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती बेडूक देऊ नये. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्यास पांढरा विषारी चीक निघतो. तो डोळ्यांत गेल्यास पाण्याने भरपूर धुवावे व डॉक्टरांस दाखवावे. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी त्याचे डोके खाली करून, पाणी घशात न जाईल अशा बेताने, बाजूने तोंड धुवावे, हिरड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, आणि त्यास झटके येऊ लागल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.